मेश्राम मॅडमची सही

आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाचा अंक निघतो. यंदा विषय दिलाय, ‘माझे गुरू’. बाकीचे सगळे शाळेतल्या मास्तरांवर लिहिणार. मला मास्तर चारच वर्षं मिळाले. चौथीनंतर मी शाळेचं तोंड पाहिलं नाही आणि शाळेनंही कधी माझी चौकशी केली नाही. म्हणून मी मेश्राम मॅडमवर लिहितो. त्या माझ्यापेक्षा तीस वर्षांनी लहान होत्या. संपादक मंडळ म्हणालं, वयानं लहान माणूस गुरू कसा? मी म्हटलं, छापायचं नसेल तर कागद परत द्या. आणि छापणार असाल तर मधे मधे शुद्ध करत बसू नका. मला जे म्हणायचंय ते मी म्हटलेलं आहे.

मी मूळचा हडपसरचा. तिथल्या एका कारखान्यात वायरमन होतो. कारखाना बंद पडला, जमीन विकली गेली आणि त्याच जागेवर काचेची इमारत उभी राहिली. जिथं माझं मशीन होतं त्याच्या बरोबर वर, चौथ्या मजल्यावर, एका कंपनीनं प्रयोगशाळा काढली. त्यांना वायरी ओढायला, सोल्डर करायला, मीटर लावायला माणूस पाहिजे होता. मी गेलो. तिथली पोरं कॉम्प्युटरवर काय बडवायची ते मला कळत नव्हतं, पण करंट कुठून येतो आणि कुठं जातो हे त्यांच्यातल्या पुष्कळांना कळत नव्हतं. त्यामुळे फिटंफाट होती.

कंपनी एक मशीन बनवत होती. वहीएवढं. पेशंटच्या छातीला तारा लावायच्या आणि हृदयाची रेघ पडद्यावर बघायची. छोट्या दवाखान्यांसाठी. ते चार्ज व्हायचं नव्या पिनेवर, जी उलटी-सुलटी कशीही बसते. आज ती घरोघर आहे, तेव्हा नवी होती.

मेश्राम मॅडम आल्या त्या पावसाळ्याच्या शेवटी कधीतरी. भंडाऱ्याकडच्या. शिक्षण नागपूरला. बारीक अंगाच्या, आवाज मात्र शेजारच्या इमारतीत जाणारा. पहिल्या दिवशी प्रयोगशाळेत आल्या, कुणाला नमस्कार नाही, काही नाही, थेट माझ्या टेबलावरचा चार्जर उचलला, उलटा केला आणि पाठीवरची बारीक अक्षरं वाचायला लागल्या.

“काकाजी, हा कुठून आणला?”

“कंपनीचा हाय. भारीतला.”

“तेच तर. सगळी टेस्टिंग याच्यावरच करून राहिले का तुम्ही?”

मी म्हटलं, हो.

“बापा!” म्हणाल्या, आणि खाली बसल्या.

ही त्यांची सवय पुढं मी जन्मभर पाहिली असं वाटतं, पण खरं तर जेमतेम सहा महिने पाहिली. चार्जर दिसला की तो उलटा करायचा. चहाच्या टपरीवर, बँकेत, कुणाच्या साखरपुड्याला गेल्या तर तिथंही. टपरीवाल्याचा चार्जर हातात घेऊन त्याला तोंडावर म्हणाल्या, “हा खोटं बोलते. इतका करंट याच्या बापानं दिला नाही.” टपरीवाला म्हणाला, “मॅडम, चहा खरा आहे ना? मग झालं.” त्या हसल्या आणि दुसरा चहा मागितला.

त्यांचं काम काय होतं ते मला कळायला एक दुपार लागली. ती दुपार सांगतो, म्हणजे पुढचं कळेल.

मी विचारलं होतं, “मॅडम, चार्जर लावला की करंट जातो. त्यात तुम्ही लिहिता काय?”

त्यांनी मला उभं केलं. टेबलाच्या एका बाजूला त्या, दुसऱ्या बाजूला मी.

“जुनी पिन फक्त पाच व्होल्ट द्यायची. ही नवी पाचही देते आणि वीसही देते. फोनला वीस दिले तर फोन जाईल. म्हणून आधी बोलणं करावं लागते. मी चार्जर, तुम्ही मशीन. मी सांगते माझ्याकडं काय आहे. पाच आहे, नऊ आहे, पंधरा आहे, वीस आहे. बोला, काय पाहिजे?”

“वीस द्या.”

“देते.”

मी हात पुढं केला. त्यांनी पट्टी घेऊन माझ्या बोटांवर टक्‌कन मारली. प्रयोगशाळेतली सगळी पोरं बघायला लागली.

“कायले हात पुढे केला? मी ‘देते’ म्हटलं. ‘घ्या’ म्हटलं का?”

“नाही.”

“चार्जरला पाचावरून वीसवर चढायला वेळ लागते. चढला की तो सांगते, आता घ्या. तोवर मशीननं हात मागं ठेवायचा. हे मशीनला शिकवणारा जो प्रोग्राम, त्याला म्हणतात ड्रायव्हर. तो एकदम आत, मशीनच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये बसते. वरचे प्रोग्राम चुकले तर पडदा बिघडते. हा चुकला तर वायर जळते.”

मी पंगतीत वाढायचं काम पुष्कळ केलेलं आहे. त्यामुळे मला लगेच कळलं. वाढपी ‘आणतो’ म्हणाला म्हणून कुणी रिकाम्या पानावर तुटून पडत नाही. पण आमचं मशीन नेमकं तेच करत होतं. आधीच्या इंजिनिअरनं ‘देते’ ऐकल्यावर मशीनला ठरावीक वेळ झोपवलं होतं. सेकंदाचे हजार तुकडे करा, त्यातले दोनशे. तेवढं झोपायचं आणि उठून घ्यायला लागायचं. समोरचा ‘घ्या’ म्हणाला का, हे ऐकायचंच नाही. कंपनीतला भारी चार्जर तेवढ्यात चढून तयार असायचा, म्हणून कधी कुणाच्या लक्षात आलं नाही.

मॅडमनी मला बाजारात पाठवलं. म्हणाल्या, “चांगला एकही आणू नका.” मी मंडईजवळच्या रस्त्यावर गाड्यांवरून अकरा चार्जर आणले. एक फुगलेला, एकाची पिन हलणारी, एकावर नावाच्या जागी नुसतं चकचकीत पान चिकटवलेलं. गाडीवाला म्हणाला, “काका, दुकान काढताय का?” म्हटलं, “नाही, परीक्षा घेतोय.” अकरांतले सात नापास झाले. म्हणजे चार्जर नाही, आमचं मशीन नापास झालं. बॅटरी पूर्ण उतरवून लावलं की पडदा लागायचा, विझायचा, परत लागायचा. चार्जर चढतोय तोवर मशीननं ओढ घेतली की चार्जर कोसळायचा, तो कोसळला की मशीन मरायचं, मेलं की पहिल्यापासून, आणि ह्या झटापटीत वायर तापायची.

आता त्यांच्या बोलण्याबद्दल. कंपनीतल्या पोरांना त्यांचं ‘करून राहिले’, ‘बोलते’ फार गमतीचं वाटायचं. एक दिवस कॅन्टीनमधे सदाशिव पेठेतला एक जण सगळ्यांदेखत म्हणाला, “मॅडम, आपण ‘करून राहिले’ म्हणता, तर ते करून झाल्यावर नक्की राहतात कुठे?”

मॅडम डबा खात होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “तुमच्या ड्रायव्हरमध्ये. सहा महिन्यांपासून तिथंच अडकून राहिले. काढायलाच तर मला बोलावलं.”

तो ड्रायव्हर त्यानंच लिहिलेला होता. पुढं त्यानं व्याकरण काढलं नाही.

असं वाचून कुणाला वाटेल की बाई भांडखोर होती. होतीच. पण दुसरं एक सांगतो, मग ठरवा.

त्यांनी नवीन ड्रायव्हर लिहिला. मी रोज मशीन लावायचो, त्या पडद्यावर लॉग बघायच्या, म्हणजे मशीननं स्वतः लिहिलेले आकडे. एकदा वायर उचलताना माझा हात दचकला.

“मॅडम, वायर तापतीय.”

“नाही काकाजी, लॉगमध्ये तीनच अँपिअर दिसून राहिले. तीनला नाही तापत.”

“लॉगला नका, वायरीला हात लावा.”

त्या उठल्या, वायर धरली आणि झटक्यात सोडली. मी मीटर मधे घातला. पावणेपाच. मशीननं चार्जरकडं मागितले होते तीन, आणि आत घेत होतं पावणेपाच. बोलणं करणारा भाग तीन म्हणाला होता, पण बॅटरी भरणाऱ्या चिपला ‘तीनच घे’ असं सांगायचं मॅडमच विसरल्या होत्या. आणि लॉगमध्ये त्या मागितलेला आकडा छापत होत्या, घेतलेला नाही.

मला वाटलं, आता ह्या हळूच दुरुस्त करतील आणि मला चहा पाजतील. इंजिनिअर लोक असंच करतात. त्यांनी खुर्चीवरून उठून अख्ख्या प्रयोगशाळेला ओरडून सांगितलं, “ऐका! चूक माझी आहे. शेवाळे काकाजींनी पकडली. ज्यांनी ज्यांनी माझा ड्रायव्हर काल उतरवून घेतला, त्यांनी काढून टाका.”

दुसऱ्या दिवशी माझ्यासमोर एक वही ठेवली. त्यात तीन रकाने आखलेले. कोमट, गरम, चटका. “मीटर मी पाहीन. तुम्ही हात लावायचा आणि लिहायचं. तारीख, ड्रायव्हर जुना की नवा, चार्जर, रकाना.” मी लिहायला लागलो, रोजच्या नोंदीखाली सहीही करायचो. चाळीस वर्षांत मला कुणी काही लिहायला सांगितलं नव्हतं, हजेरीशिवाय. मॅनेजर खर्डेकर साहेबांनी ती वही पाहिली आणि विचारलं, “हे ‘चटका’ कुठलं युनिट आहे?”

मॅडम म्हणाल्या, “सर, हात लावा, सांगते.”

साहेबांनी लावला नाही.

आता खर्डेकर साहेबांबद्दल मी वाईट लिहिणार नाही. माणूस सज्जन होता, दिवाळीला सगळ्यांना स्वतः मिठाई वाटायचा. पण मशीनच्या जाहिरातीत छापून गेलं होतं, ‘लावताच सुरू’. आणि मेश्राम मॅडमचं मशीन लावताच सुरू होत नव्हतं.

त्याचं कारण होतं. चार्जरशी बोलणं फिसकटलं तर नियम असा, की चार्जर सगळं शून्यावर आणतो आणि पहिल्यापासून सुरुवात करतो. बॅटरीत काही असेल तर मशीन तेवढा वेळ तगतं. बॅटरी रिकामी असेल तर मरतं. म्हणून मॅडमनी असं बसवलं होतं, की पोट रिकामं असताना मोठं काही मागायचंच नाही. आधी निमूट पाच व्होल्टवर थोडं खायचं. अंगात जीव आला की मग नऊ मागायचे, वीस मागायचे, आणि दर वेळी ‘घ्या’ ऐकू येईपर्यंत थांबायचं. त्यात रिकाम्या मशीनची पहिली चार-पाच मिनिटं जायची. पडद्यावर यायचं, ‘थांबा, चार्ज होत आहे’. पण अकराच्या अकरा चार्जरवर मशीन उठायचं. विझायचं नाही.

माल निघायच्या आदल्या आठवड्यात बैठक झाली. आमच्याकडं पद्धत होती, मशीन बाहेर जाण्याआधी एक कागद भरायचा. ज्यानं जो भाग लिहिला त्यानं त्या भागापुढं सही करायची. सगळ्यांच्या सह्या झाल्या होत्या. ड्रायव्हरपुढची जागा रिकामी. मला वही घेऊन बोलावलं होतं, म्हणून मी तिथं होतो.

साहेब म्हणाले, “मॅडम, इतकं सगळं कशाला? जुनाच ड्रायव्हर ठेवू. तो दोनशे झोपतो ना? पाचशे करा. एक आकडा बदलायचा. पाच मिनिटांचं काम.”

“सर, किती झोपायचं ते आपण नाही ठरवायचं. समोरच्यानं सांगायचं असते.”

“अहो, पण पाचशेला चालतंय ना?”

“सातातल्या पाचांवर चालते. दोनांवर नाही.”

“ते दोन रस्त्यावरचे आहेत. रस्त्यावरच्या चार्जरची जबाबदारी कंपनी घेत नाही. आपण डब्यात चांगला चार्जर देतोय.”

“अन् तो हरवला की?”

“तर आपला दुसरा विकत घ्यावा.”

तेव्हा मॅडम उभ्या राहिल्या. आवाज चढेल असं मला वाटलं, पण उलट खाली गेला. “सर, माझी आई नर्स आहे. उपकेंद्रात. आमच्याकडं लाईट सकाळी जाते, कधी येईल सांगता येत नाही. मशीनची बॅटरी उतरलेलीच राहते. चार्जर कोणाच्या मोटारसायकलवर कुठं गेला ते माहीत नसते. पेशंट टेबलावर असतो, अन् हे मशीन लुकलुक करते. तेव्हा नातेवाईक तुमच्याकडं नाही पाहत. माझ्या आईकडं पाहतात.”

साहेबांनी चष्मा काढला, पुसला. मग म्हणाले, “भावना समजल्या. पण तारीख ठरलेली आहे. तुम्ही सही करा. पुढच्या वेळी सुधारू.”

“नाही करत.”

“मेश्राम, तुमचं अजून कन्फर्मेशन व्हायचंय. पुढच्या महिन्यात. ते माझ्याकडून जातं, माहीत आहे ना?”

“माहीत आहे.”

“मग ते होणार नाही.”

“ठीक आहे,” मॅडम म्हणाल्या. “सहीपण होणार नाही.”

त्यांना त्या नोकरीची गरज होती. धाकट्या बहिणीला शिकायला इथंच आणलं होतं, विश्रांतवाडीला दोघी एका खोलीत राहायच्या. हे मला ठाऊक होतं. साहेबांनाही ठाऊक होतं. म्हणून तर ते तसं बोलले.

साहेब तापले. “मग मी करतो सही! ड्रायव्हर काय तुमच्या एकट्याचा आहे?”

मॅडमनी कागद फिरवून त्यांच्यापुढं सरकवला. स्वतःचं पेन उघडून दिलं. “करा सर. सहीखाली पूर्ण नाव लिहा. अन् नंबर लिहा. फोन आला तर लागेल.”

साहेबांनी पेन घेतलं. मी माझी वही त्यांच्यासमोर उघडून ठेवली. मला कुणी सांगितलं नव्हतं. पानावर खालपासून वरपर्यंत जुन्या ड्रायव्हरचे दिवस होते. गरम, चटका, गरम, चटका, चटका. माझं अक्षर वाईट आहे, पण वाचता येतं.

“हे काय आहे शेवाळे?”

“साहेब, माझी सही ह्याच्याखाली हाय,” मी म्हटलं. “रोजची.”

साहेबांनी पान वाचलं. एकदा मॅडमकडं बघितलं. मग पेनाला टोपण लावलं. इतकंच. टोपण लावल्याचा आवाज मला अजून ऐकू येतो.

“एक आठवडा,” ते म्हणाले. “तुमचा ड्रायव्हर घाला. जाहिरातीचं मी बघतो.”

त्या आठवड्यात मॅडम जेवल्या का, मला शंका आहे. डबा उघडलेला असायचा आणि त्यांचं बोट पडद्यावर. माझ्याकडून अकरा चार्जर रोज दोनदा लावून घेतले. बॅटरी उतरवायची, लावायचा, हात ठेवायचा, लिहायचं. दर दिवशी मला विचारायच्या, “काकाजी, चटका?” मी म्हणायचो, “कोमट.” “नक्की ना? माझं मन राखायला तर सांगून नाही राहिले?” मला राग यायचा. मी म्हटलं, “मॅडम, मी बायकोचं मन राखलं नाही कधी.” शेवटच्या दोन दिवसांत पानभर कोमटच होतं.

साहेबांनी एक शब्द पाळला, म्हणजे दुसराही पाळला. आठवडा संपायच्या आदल्या दिवशी मॅडमना पत्र मिळालं. इंग्रजीत होतं. मी विचारलं, काय लिहिलंय? म्हणाल्या, “काम चांगलं आहे, पण सगळ्यांसोबत जमवून घेत नाही, असं लिहून राहिले. उद्या शेवटचा दिवस.”

मी म्हटलं, “मी जाऊन बोलतो साहेबांशी.”

“नका बोलू.”

“का?”

“खोटं काय लिहिलं त्यात?”

मी तरी गेलो. काय बोललो ते इथं लिहीत नाही, मंडळ छापणार नाही. साहेबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “शेवाळे, तुम्ही जा.” मला त्यांनी काढलं नाही. त्यानंतर दोन वर्षांनी मी वयानं बाहेर पडलो.

शेवटच्या दिवशी दुपारी मॅडमनी खुर्चीवरची ओढणी उचलली, टेबल पुसलं, गळ्यातलं कार्ड काढून हातात घेतलं आणि खर्डेकर साहेबांच्या टेबलाशी गेल्या. मी दारात होतो.

“सर, तो कागद द्या.”

“कुठला?”

“सहीचा.”

साहेब अवघडले. “मॅडम, त्याची आता गरज नाही. उद्यापासून तुम्ही इथं नसणार. दुसरं कुणीतरी करेल.”

“आज आहे ना?”

साहेबांनी ड्रॉवर उघडला. कागद काढून दिला. मॅडमनी तो टेबलावर सपाट केला, ड्रायव्हरपुढच्या रिकाम्या जागेत सही केली, आणि खाली सावकाश पूर्ण नाव लिहिलं. स्वतःचं, वडिलांचं, आडनाव. मग नंबर. जागा पुरली नाही, तर नंबर समासात लिहिला. कागद साहेबांकडं फिरवला.

“फोन आला तर मलाच द्या,” म्हणाल्या. आणि कार्ड टेबलावर ठेवलं.

मी त्यांची पिशवी घेऊन खाली गेलो. त्यांना ते आवडलं नाही, पण पिशवी सोडवून घेईपर्यंत आम्ही फाटकाशी पोचलो होतो. तिथं त्या म्हणाल्या, “काकाजी, हात सांभाळा. रबरी मोजे घालत जा, इतक्यांदा सांगितलं.” बस दोन भरून गेल्या. तिसऱ्या वेळी त्यांनी रिक्षाला हात केला.

रिक्षावाल्यानं विचारलं, “कुठं?”

“विश्रांतवाडी.”

“नाही जाणार. ते दुसरं टोक आहे, परत रिकामं यावं लागतं.”

तोवर त्या आत बसल्या होत्या. पिशवी मांडीवर, ओढणीचं टोक आत ओढून घेतलेलं. रिक्षावाल्यानं मागं वळून पाहिलं. त्या समोर, रस्त्याकडं बघत होत्या.

“बाई, उतरा. सांगितलं ना, नाही जाणार.”

“मीटर टाका,” मेश्राम मॅडम म्हणाल्या.

मागून गाड्यांचे हॉर्न सुरू झाले. मी फाटकाशी उभा होतो. त्यानं मीटर टाकला.